प्रश्नोत्तरे : क्रमांक तोच, तरी मॉड्यूल नाकारले का जाते?

प्रश्न : पॅनेलमध्ये पाणी उतरल्याने आमचे कंट्रोललॉजिक्स या यंत्रनियंत्रण प्रणालीचे १७५६-आयबी१६ हे इनपुट मॉड्यूल (यंत्राकडून येणारे संकेत कंट्रोलरला देणारा भाग) निकामी झाले. स्टोअरमध्ये बरीच वर्षे पडून असलेले त्याच क्रमांकाचे मॉड्यूल बसवले, पण कंट्रोलर १६#०११६ हा फॉल्ट दाखवतो. ‘डिसेबल कीइंग’ (मॉड्यूलची ओळख न तपासण्याचा पर्याय) निवडून काम चालवावे का?
– एक देखभाल अभियंता, चाकण

उत्तर : कृपया तसे करू नये. हा फॉल्ट मॉड्यूलची मेजर किंवा मायनर रिव्हिजन (म्हणजे त्यातल्या फर्मवेअरच्या, अंगभूत सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीचा मुख्य किंवा उपक्रमांक) जुळत नसल्याचे सांगतो. कॅटलॉग क्रमांक सारखा असला, तरी कंट्रोलर उत्पादक, उपकरणाचा प्रकार, प्रॉडक्ट कोड आणि या दोन्ही रिव्हिजन तपासत असतो. कीइंगचा ‘एक्झॅक्ट मॅच’ हा पर्याय निवडलेला असेल तर या पाचही गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात. ‘कम्पॅटिबल मॉड्यूल’ असेल तर प्रोजेक्टमध्ये (कंट्रोलरच्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये) नोंदवलेल्यापेक्षा नवे मॉड्यूल सहसा स्वीकारले जाते, जुने मात्र नाही. म्हणूनच स्टोअरमधला जुना स्पेअर ऐन वेळी अडतो, आणि नेमके हेच आपल्याकडे कोणी आधी तपासून ठेवत नाही.

लेबलवरची सिरीज, म्हणजे ए, बी ही अक्षरे, हार्डवेअरची असते, रिव्हिजन फर्मवेअरची. दोन्हींची गल्लत करू नये, कारण कोणते फर्मवेअर चढेल हे सिरीजवर ठरते. उदाहरणार्थ, १७५६-ईएन२टी या इथरनेट मॉड्यूलच्या ए, बी, सी सिरीजवर डी सिरीजचे १०.x फर्मवेअर चढत नाही.

तेव्हा आधी आरएसलिंक्स या संपर्क सॉफ्टवेअरमध्ये स्पेअरची खरी रिव्हिजन पाहावी. त्या स्पेअरच्या सिरीजला चालणारे नवे फर्मवेअर असल्यास ते कंट्रोलफ्लॅश या फर्मवेअर चढवण्याच्या सॉफ्टवेअरने चढवावे. नसल्यास प्रोजेक्टमध्ये जुनी मेजर रिव्हिजन नोंदवून ‘कम्पॅटिबल मॉड्यूल’ ठेवावे, म्हणजे पुढे नवे मॉड्यूल आले तरी बहुधा तेही चालेल. मात्र तुम्ही वापरत असलेल्या सुविधा जुन्या रिव्हिजनमध्ये आहेत याची खात्री करून घ्यावी. प्रोजेक्ट डाउनलोड करावा लागला तर कंट्रोलर प्रोग्रॅम मोडमध्ये जातो, म्हणजे त्याचे नियंत्रण थांबते, म्हणून हे काम नियोजित शटडाउनमध्येच घ्यावे.

‘डिसेबल कीइंग’मध्ये ही तपासणीच होत नाही, आणि चुकीच्या मॉड्यूलशी जोडणी झाली तर यंत्र अनपेक्षितपणे चालू शकते. त्यातून जीवितहानी होऊ शकते, असा इशारा उत्पादकाच्या मॅन्युअलमध्येच दिलेला आहे. रात्रपाळीत यंत्राशेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरला हा धोका दिसतही नाही.

स्टोअरमधल्या प्रत्येक स्पेअरवर सिरीज आणि रिव्हिजन लिहिलेली चिठ्ठी या महिन्यातच लावून घ्यावी.