‘वरून आदेश आहे’

प्रश्न : माझ्या खानावळीचा परवाना रद्द केला. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, ‘वरून आदेश आहे.’ असं चालतं?

उत्तर : नाही चालत, भाऊ. अंधेरीत चित्रपटगृह बांधायची गोर्धनदास भानजींची परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायद्याने अधिकार आयुक्तांना दिलाय, तेव्हा डोकंही त्यांचंच चाललं पाहिजे. आयुक्तांनी मागाहून केलेली सारवासारवही न्यायालयाने मानली नाही. मात्र भानजींच्या हातात परवाना पडला नाही हं, आयुक्तांनी स्वतः विचार करावा एवढंच ठरलं. तुम्ही आज लेखी आदेशाची प्रत मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्या. माझे निम्मे अशील इथेच चुकतात.