बी.एड.ची फी, 'कॅप'ची जागा आणि माझे गेलेले ३५ हजार

तुझी पोस्ट वाचली आणि २०१८ चा ऑगस्ट आठवला. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

तू लिहिलंयस की बी.एससी. होऊन दोन वर्षं झाली, बी.एड.ची सीईटी (प्रवेश परीक्षा) दिली, कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत पुण्यात हडपसरचं कॉलेज लागलं. पण तू राहतेस कर्वेनगरला, आणि घराजवळचं एक कॉलेज संस्था स्तरावरची, म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं ती, जागा देतंय. 'फी सारखीच आहे, स्कॉलरशिप तर दोन्हीकडे मिळेलच ना?' असं तू विचारलंयस.

संस्था स्तरावरच्या जागेवर नाही मिळणार. हे एवढं एकच वाक्य मला त्या वेळी कोणी सांगायला हवं होतं.

माझंही अस्संच होतं. लांबचं कॉलेज लागलं होतं, दोन बस बदलून जायचं, आई म्हणाली जवळचं बघ. जवळच्या कॉलेजच्या ऑफिसात गेले. टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी आणि साईबाबा. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "मिळते स्कॉलरशिप. तुम्ही फी भरा, पावती जपून ठेवा." कॅपची जागा सोडली, इथे फी भरली. डिसेंबरात महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचा) अर्ज भरायला बसले तर एका रकान्यात 'प्रवेशाचा प्रकार' आणि त्याखाली कॅपचा क्रमांक. माझ्याकडे क्रमांक होता, पण सोडून दिलेल्या जागेचा! परत त्या टेबलापाशी गेले तर उत्तर काय, "मी 'मिळते' म्हणाले. 'तुम्हाला मिळेल' असं कुठे म्हणाले?" आज हसू येतं, तेव्हा जिन्यात बसून रडले होते.

मी खुल्या प्रवर्गातली, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळाला असता. वर्षाची फी ३५ हजार, म्हणजे दोन वर्षांचे ३५ हजार पाण्यात. दुसऱ्या वर्षी काही करता येईल का म्हणून तीन ठिकाणी चकरा मारल्या. प्रवेश एकदा कॅपबाहेर झाला की दुसऱ्या वर्षीही तो कॅपबाहेरचाच राहतो.

तुझं तर माझ्याहून जास्त जाऊ शकतं. तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस, पण ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) असशील आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट तीच, प्रवेश कॅपमधून हवा. (विकास शुल्क वगैरे त्यात धरू नकोस, ते खिशातूनच जातं.) एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेत, त्यातला मला अनुभव नाही. त्या-त्या सरकारी खात्यातच विचार.

हडपसर लांब आहे, मान्य. पण पीएमपीएमएलचा पास काढून दोन वर्षं उभ्याने जाणं पूर्ण फी भरण्यापेक्षा स्वस्त पडतं, असं माझं मत. घरी आजारपण किंवा लहान मूल असेल तर हिशोब वेगळा, तो तुझा तू कर.

'नोकरी करत करत फी भागवीन' असंही लिहिलंयस. दिवसाची नोकरी विसर. दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायचे असतात आणि त्या काळात ९० टक्के हजेरी लागते. मी संध्याकाळी आठवी-नववीच्या शिकवण्या घेतल्या, त्यावर बसभाडं आणि पाठांच्या चार्टपेपरचा खर्च निघायचा. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर 'कमवा आणि शिका'ची (विद्यार्थ्यांना काम देणाऱ्या योजनेची) चौकशी कर, अर्थात त्यात फी निघत नाही, चहापाणी निघतं. कर्ज हा शेवटचा उपाय. शिक्षकाचा पहिला पगार किती असतो ते मी इथे लिहीत नाही, उगाच मूड जाईल.

बँकेचं एक सांगते. 'खात्याला आधार जोडलंय' एवढ्यावर विसंबू नकोस. स्कॉलरशिपचे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट खात्यात, येतात आणि एनपीसीआय या संस्थेकडे आधारशी मॅप (जोडल्याची नोंद) झालेल्या एकाच खात्यात जातात, आणि ते तुझं कॉलेजच्या वेळचं बंद पडलेलं खातंही असू शकतं. माझ्या मैत्रिणीचे पैसे तसेच अडकले. शाखेत जाऊन 'डीबीटीसाठी एनपीसीआयला कुठलं खातं मॅप आहे' असंच विचार, नाहीतर ते नुसतं 'हो, लिंक आहे' म्हणून वाटेला लावतात. उत्पन्नाचा दाखला आणि गॅपचं (शिक्षणात पडलेल्या खंडाचं) प्रतिज्ञापत्र आत्ताच काढायला टाक, सेतूत ऐन वेळी काय होतं ते पुण्यात सांगायला नको.

आणखी एक, तू विचारलेलं नाहीस तरी. पहिली ते पाचवीलाच शिकवायचंय असं शेवटी लिहिलंयस. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं. विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगितलं. सहावीपासून पुढे शिकवायची तयारी असेल तरच बी.एड.चा खटाटोप कर.

मी वकील नाही, सरकारी कर्मचारी नाही, नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. सीईटी सेलची (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कक्षाची) यंदाची माहितीपुस्तिका स्वतः उघडून बघ.

हडपसरला हजर व्हायची शेवटची तारीख कोणती, ते आधी इथे लिही. आणि जवळच्या कॉलेजात पैसे भरले नसशील, तर आज तरी भरू नकोस.