एक्स्चेंजवर आलेल्या पोरीच्या घरी जर्मनीला जाताना

वहिनी, तुमचा प्रश्न असा का रोटरी क्लबच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परदेशातली पोरं इथल्या घरी राहून शिकतात त्यात, तुमच्या घरी राहून गेलेली जर्मन पोरगी आता बोलावते आहे, मुलाकडं तिकडं जाणं होतंच आहे, तर तिच्या आईवडिलांच्या घरी किती राहावं, काय न्यावं, न भाषा येत नाही तर बोलावं काय. आम्ही दोघं हिंगणघाटजवळच्या खेड्यातून असेच जाऊन आलो म्हणून लिहितो.

पहिले व्हिसाचं उरकतो. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या पुष्कळ देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतो. खर्च तुमचा तुम्ही करणार असाल तर त्यांचं साधं निमंत्रणपत्र जोडा. खर्च त्यांनी उचलला तर त्यांना तिकडच्या सरकारी ऑफिसातून रीतसर हमीपत्र काढावं लागतं, तो व्याप त्यांच्यामागं कशाला लावता.

राहायला दोन-तीन रात्री पुरे. दोघंही नोकरीवाले असतात, सुट्टी काढून तुमच्यासाठी थांबतात.

आता मुख्य. पोरगी तुमच्याकडं होती त्या काळात आईवडिलांनी मधेच भेटायला येणं टाळावं असं प्रोग्रामवाले सांगतात, काऊन का रुळलेली पोरं पुन्हा घराच्या ओढीनं अस्वस्थ होतात. म्हणजे लेकीच्या वाढीतला तेवढा काळ त्यांनी पाहिलेलाच नाही, तो तुमच्यापाशी आहे. आमच्याकडं अशीच राहून गेलेल्या पोरीच्या आईनं पहिल्याच संध्याकाळी आमच्या हिला विचारलं, ती तापानं पडली होती तेव्हा खात काय होती? पोरीनं फोनवर 'बरी आहे' एवढंच सांगितलेलं. हिनं सांगितलं, मुगाची पातळ खिचडी, तीही भरवावी लागायची, अन् औषध पाहिलं का तोंड फिरवायची. आई हसली, म्हणे लहानपणापासून तशीच आहे, न मग दोघींचं जे सुरू झालं ते आम्हाला झोपा आल्या तरी चालूच. बर्लिनची भिंत वगैरे पाहायचीच आहे, ते मुलासोबत पाहा. या घरी पोळ्याचे, कापूस वेचतानाचे, सायकलवरून पडलेल्या गुडघ्याचे फोटो कागदावर छापून न्या. रोटरीत पोरं बहुतेक एकापेक्षा जास्त घरी राहतात, त्या दुसऱ्या घरचेही मागून घ्या. न भाषांतराला सारखं पोरीलाच जुंपू नका, तिलाही जेवू द्या, मोबाईलवर बरंच भागतं.

रात्रीचं जेवण पुष्कळ घरी थंडच असतं, प्रत्येकापुढं एक छोटी लाकडी पाटी, ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं, झालं. पहिल्या दिवशी आमची ही चूल कधी पेटते म्हणून वाट पाहत होती! आग्रह आपल्यासारखा नसतो, लाजून एकदा नाही म्हटलं का भांडं पुढं सरकतं, म्हणून भूक असेल तर सरळ हो म्हणा. शाकाहारी असाल तर आधीच कळवा. वेळ सांगितली का तीच वेळ. रविवारी दुकानं बंद, काय लागते ते शनिवारीच घ्या.

न्यायचं म्हणाल तर पेढे-तूप नका नेऊ, दुधाचे न मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. संत्रीही नको, ताज्या फळांना रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं. करवती काठाचा टसरचा स्टोल आईसाठी न्या, भिवापुरी मिरचीचं तिखट पोरीसाठी. भेट ते तुमच्यासमोरच उघडतात, आपल्यासारखं बाजूला ठेवत नाहीत, तेव्हा कुठली, कशी विणलेली हे सांगता येतं.

आणि त्यांना इकडं बोलवाल तेव्हा उन्हाळ्यात अजिबात नको बाप्पा, डिसेंबर-जानेवारीत बोलवा, हुरडा असतो, तुरीच्या शेंगा असतात, ताडोबाही सुरू असतो, फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी गेट बंद.