ध्वनिशास्त्राच्या परिषदेत नुसती व्याख्यानं ऐकावीत की शॉर्ट कोर्सही करावा?

तुम्ही नांदेडला एमएस्सी फिजिक्स करताय, परिषदेला पहिल्यांदाच चाललाय आणि शॉर्ट कोर्सची वेगळी फी भरावी का, असं विचारलंय. जरूर भरा. व्याख्यानात बहुतेक तयार निष्कर्ष सांगतात; पाया कच्चा असला की दुसऱ्या स्लाइडलाच धागा सुटतो. कोर्समध्ये सावकाश विचारता येतं.

जाण्याआधी सॅबिनचं सूत्र मात्र हाताखालून घाला: निनादकाल (आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण (भिंती, पडदे, माणसं मिळून आवाज किती गिळतात ते). तुमचाच वर्ग घ्या. १० × ८ × ४ मीटर म्हणजे ३२० घनमीटर. रिकामा असताना शोषण २० चौरस मीटर धरलं, तर निनादकाल सुमारे २.६ सेकंद येतो, शब्दावर शब्द चढतो. मुलं बसली, पडदे लागले, शोषण ६० वर गेलं की ०.९ सेकंद. मग फुगा फोडून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि हिशेब ताडून बघा.

जमलं तर वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यातही थोडं थांबा, कोरलेल्या फासळ्यांच्या कमानदार छताखाली. दगड आवाज फारसा शोषत नाही, हे तिथे हळू बोललं तरी कानाला कळतं. तिथे आवाज इतका का रेंगाळतो, हाच प्रश्न घेऊन कोर्सला बसा.