चालुक्यकालीन पंगत आज घालायची असेल, तर अस्सलपणा कुठे राखावा?

घरच्या समारंभात ४० पाहुण्यांना मध्ययुगीन पद्धतीचे जेवण द्यायचे आहे, तेव्हा इतिहासाला कितपत धरून राहावे आणि सोय कुठे पाहावी, असे आपण विचारले आहे. ‘मध्ययुगीन’ हा शब्द फार ऐसपैस असल्यामुळे, ज्या एका ग्रंथावरून मी दोन वेळा असा स्वयंपाक केला त्याच्याच आधारे उत्तर देतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे. आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग त्याच्या राज्यात होता, आणि त्यातले मंडक, वटक, पूरिका हे पदार्थ मांडे, वडे, पुऱ्या या नावांनी आपल्या ओळखीचेच आहेत.

जे खाणाऱ्याच्या जिभेला कळते, तिथे मी सूट घेत नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणे आणि काजू हे सारे पोर्तुगीज आल्यानंतरचे, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आपल्याकडे पोहोचलेले. ते पूर्णपणे वगळावेत. फोडणीत दोन लाल मिरच्या टाकल्याने काय बिघडते, असे आचारी हमखास म्हणतो. बरेच बिघडते, कारण मिरे, आले आणि हिंग यांचा तिखटपणा मग कुणाला जाणवतच नाही. सोमेश्वराच्या पाककृतींत हिंगाचे पाणी वारंवार येते. ते अवश्य करावे. मात्र डबीतल्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, म्हणून शक्यतो खडा हिंग आणून कोमट पाण्यात भिजवावा.

इडरिका, म्हणजे इडलीची ही पूर्वज, निव्वळ उडदाची असते. तीत तांदूळ नसतो. मी ती मिरे, जिरे आणि हिंग घालून उकडली. गरम असताना उत्तम लागली, परंतु पंगत अर्धा तास लांबली आणि इडरिका चिवट झाल्या. तेव्हापासून त्या सुपारीएवढ्या करतो आणि पाने मांडल्यावरच घाणा लावतो.

दळण-वाटणाच्या बाबतीत मात्र संकोच बाळगू नये. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख याच ग्रंथात आहे. राजाच्या ताटामागे असे कित्येक हात राबत असणार, आणि आपल्याकडे ते नाहीत. उडीद वेट ग्राइंडरमध्ये वाटला म्हणून पाहुण्याला काही वेगळे लागत नाही.

मांड्यांनी मला खरा धडा दिला. खानदेशात आजही ते पालथ्या खापरावर भाजतात, आणि खापर हा शब्दही संस्कृत ‘खर्पर’ यातूनच आलेला आहे, त्यामुळे मी हट्टाने खापर आणले. चुलीच्या मंद आचेवर हळूहळू तापवायचे ते भांडे मी गॅसच्या मोठ्या आचेवर ठेवले आणि दुसऱ्याच मांड्याला ते तडकले. उरलेले मांडे पालथ्या लोखंडी कढईवर केले. खरपूस मातकट वास गेला, परंतु पातळपणा टिकला. ४० जणांसाठी मी आता कढईच सुचवेन, आणि मांडा प्रत्येकी एकच वाढावा; भाजणाऱ्याच्या हातांनाही मर्यादा असते.

मांसाहारी पदार्थांत निवडीला फारसा वाव नाही. ग्रंथात कासव आहे, शेतातले उंदीरही आहेत. कासव मारणे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे गुन्हा ठरू शकते आणि उंदीर कुणी खाणार नाही. मटण वापरावे आणि तसे पदार्थांच्या यादीत स्पष्ट लिहावे.

भांड्यांची हौस असेल, तर तांब्या-पितळेच्या पातेल्यांना आधी कल्हई करून घ्यावी. नाहीतर ताक आणि चिंचेचे सार कळकते. ताकाची भांडी शेवटपर्यंत फ्रिजमध्येच ठेवावीत आणि वाढताना मातीच्या मडक्यात ओतावीत.