दोन अनुभवी ज्युदो प्रशिक्षकांनी वर्षभर हाताखाली घ्यायची तयारी दाखवली आहे. दोघांकडे एकदम शिकावं का? की नुसती त्यांचीच कामं करत बसावं लागेल? आणि एवढं एक वर्ष पुरेल का?

घ्या संधी. दोघांकडेही शिका. आणि कामं करावी लागतील, तीही करा.

तुमच्या प्रश्नातलं 'नुसती त्यांचीच कामं' हे वाचून राहवलं नाही, कारण हेच शब्द मी एकदा माझ्या सरांच्या तोंडावर फेकले होते.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, तालमीतला. २०१४ साली शिक्षणासाठी पुण्यात आलो आणि ज्युदो धरला. आमच्या सरांची नागे-नो-काताची, म्हणजे फेकायचे ठरलेले डाव जोडीनं करून दाखवायच्या प्रकाराची, तयारी चालू होती आणि त्यांच्या जोडीदाराची ऐनवेळी बदली झाली. सर म्हणाले, "तू उके हो." उके म्हणजे ज्याला टाकतात तो. नागे-नो-कातात पंधरा डाव, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून. म्हणजे एका फेरीत तीस वेळा उकेनं पडायचं. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी तीन फेऱ्या. त्या प्रत्येक दिवशी नव्वद वेळा आपटणं. त्यातल्या काता-गुरुमा या डावात तर खांद्यावर आडवं उचलून टाकतात. हॉस्टेलवर परत जाताना डाव्या दंडाला मुंग्या आलेल्या असायच्या, मॅटवर हात आपटून आपटून.

दोन महिने झाले आणि माझा बांध फुटला. म्हणालो, "सर, तुम्ही मला पोत्यासारखं आपटताय. शिकवत काहीच नाही. तुमची तयारी होतेय, माझं काय?" सर चिडले नाहीत. गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, ठीक करत म्हणाले, "यायचं तर ये. पण आलास तर माझा बाहीवरचा हात बघ."

मी आठ दिवस गेलोच नाही.

त्या आठ दिवसांत मी माझ्या दुसऱ्या प्रशिक्षकांकडे, मॅडमकडे जात होतो. त्या जमिनीवरचं, म्हणजे ने-वाझा शिकवायच्या. माझी पट काढायची खोड त्यांनीच मोडली होती. कुस्तीतून आलेल्या पोराचा हात सरळ समोरच्याच्या पायाकडे जातो, आणि २०१० पासून ज्युदोत त्यावर बंधनं आली, २०१३ पासून तर पूर्ण बंदीच. माझा हात बेल्टच्या खाली गेला की त्या वीस जोर मारायला लावायच्या. सरांची तक्रार त्यांच्याकडे केली, तर त्यांनी एकच विचारलं, "दोन महिन्यांत सर तुला कितीदा टाकत असतील. टाकायच्या आधी तुझं वजन कुठल्या पायावर असतं?" मला सांगता येईना.

नवव्या दिवशी परत गेलो आणि पडता पडता बघायला लागलो. सरांची माझ्या बाहीवरची पकड अशी वळायची की करंगळी वर यायची, जसं आपण मनगटावरचं घड्याळ बघतो तसं. बस्स, एवढंच. त्यांचा पाय अजून जागचा हललेलासुद्धा नसायचा आणि माझं वजन उजव्या पायाच्या बोटांवर गेलेलं असायचं. कुझुशी, कुझुशी म्हणतात ते हे, समोरच्याचा तोल मोडणं. क्लासमध्ये शंभरदा ऐकलं होतं, पण अंगाला त्या दिवशी कळलं. पुढं महिन्याभरात रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, माझ्यापेक्षा बारा किलोनं जड ब्राऊन बेल्टवाला दे-आशी-बाराईनं, पुढं येणारा पाय झाडायच्या डावानं, गेला. ताकद लावलीच नाही. त्याच्या पायावर वजन येणार होतं पण अजून आलं नव्हतं, तेवढ्यात तळपाय लावला. ती वेळ मला कुणी तोंडानं सांगितली नव्हती. ती सरांच्या हातून पडून पडून आली होती.

ज्युदो काढणाऱ्या जिगोरो कानोंचंही असंच झालं होतं. फुकुदा हाचिनोसुके या गुरूंना त्यांनी एका डावात हात-पाय नेमके कसे ठेवायचे असं विचारलं, तर गुरूंनी समजावून सांगण्याऐवजी त्यांना पुन्हा पुन्हा उचलून टाकलं. फुकुदा १८७९ मध्ये गेले, मग कानो इसो मासातोमोंकडे गेले, ते गेल्यावर किटो-र्यू या जुजुत्सूच्या शाखेतल्या इइकुबोंकडे. तीन गुरू करून त्या माणसानं १८८२ मध्ये एका देवळात बारा चटयांवर कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. तेव्हा 'एक गुरू सोडून दुसऱ्याकडे जाणं बरं दिसतं का' असं तुम्हाला कुणी म्हणालं, तर हे सांगा. फक्त दोघांनाही आधी कानावर घाला. चोरून जाऊ नका.

माझे चुलते, अण्णा, स्वतः पैलवान. मी ज्युदो धरला तेव्हापासून त्यांचं एकच, "पाठ टेकायला पैसं भरून शिकतोयस व्हय रं? आणि ह्यो कसला वस्ताद, जो पडायला शिकवतोय?" कुस्तीत पाठ लागली की संपलं, त्यामुळं त्यांना ते झोंबायचं. दहा वर्षं आमचा हा वाद. गेल्या गणपतीत त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्ही तालमीत लढत कुणाबरोबर करायचा?" म्हणाले, "वस्तादांच्या थोरल्या पठ्ठ्याबरोबर. दिसाला वीस-पंचवीस डाव खाली घ्यायचा त्यो मला." म्हटलं, "मग पाठ लागत नव्हती?" तर म्हणाले, "ते तालमीतलं. मैदानातलं न्हवं." मीही तेच म्हणतोय दहा वर्षं. ज्या वस्तादाच्या हातून तालमीत पाठ लागते, तोच मैदानात ती वाचवतो. अण्णांनी मान्य केलं नाही, पण यंदा माझ्या क्लासला येऊन तासभर बसून गेले.

आता हे आधीच सांगायला हवं होतं. 'कामं करा' म्हणालो ते मॅटवरच्या कामांबद्दल. उके होणं, लहान मुलांना उकेमी, म्हणजे न लागता पडणं, शिकवणं, मॅट घालणं, उचलणं. सरांच्या घरची कामं, पैशांची उसनवारी, हे त्यात येत नाही. डोक्याला मार लागला, मान धरली, गुडघा बोलायला लागला, तर त्या दिवशी पडायचं नाही, गुरू कितीही मोठा असो. वजन उतरवायला पाणी तोड म्हणणाऱ्याकडे थांबू नका. आणि तुम्ही अठराच्या आत असाल तर सरावाला आई-वडिलांपैकी कुणी येऊन बसलं की ज्याला अडचण होते, त्याच्याकडे जायचंच नाही, मग त्याचा बेल्ट वरच्या दर्जाचा, लाल-पांढरा का असेना.

वर्षभर पुरेल का, हेही तुम्ही विचारलंय. मला सरांच्या हाताकडे बघायलाच दोन महिने लागले होते. तुम्ही पहिल्या दिवसापासून बघा.