नाताळ अंकांवर बोलताना अंक समोर ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात शिकायला गेलीस आणि तिथे 'बीनो', 'डँडी'च्या जुन्या चाहत्यांची मंडळी भेटली, हे वाचून फार आनंद झाला. मुलांची ही दोन्ही चित्रकथांची साप्ताहिकं डी. सी. थॉमसन या कंपनीने त्याच गावातून काढली. डिसेंबर जवळ आला की ही मंडळी नाताळ अंकांशिवाय दुसरं काही बोलत नाहीत, आणि आपलं लहानपण तर त्या अंकांवर गेलेलं नाही, मग आपण तोंड उघडावं कशाला, असं तू विचारलं आहेस.

उघडावंच. त्यांच्याकडे आठवणी आहेत. तुझ्याकडे त्या नाहीत, म्हणून तू अंक बघ. टेबलावर ठेवून, एकेक पान उलटून, तारखेपासून शेवटच्या चौकटीपर्यंत. या गप्पांमध्ये प्रेमाची कमतरता कधीच नसते. कमी पडतो तो प्रत्यक्ष छापलेला कागद.

आठवणी का घसरतात ते आधी समजून घे. नाताळ अंकाचे रिवाज ठरलेले होते. अंकाच्या नावाच्या प्रत्येक अक्षरावर बर्फाची जाड साय. कोपऱ्यात हॉलीची काटेरी पानं आणि लाल फळं, एखादा रॉबिन पक्षी. खोड्या करून मार खाल्लेल्या पोरालाही त्या आठवड्यात शेवटच्या चौकटीत जेवणाच्या टेबलावर जागा. तिथे भाजलेली टर्की, वाफाळतं पुडिंग, आणि कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर, त्यात चहूबाजूंनी खोचलेले सॉसेज. हे वर्षानुवर्षं असंच. वाचकाला तेच हवं असायचं, आणि संपादकांना ते माहीत होतं. म्हणून सत्तरीतला माणूस 'तो नाताळ अंक' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पाच-सहा अंक एकमेकांत मिसळून उभे असतात. यात त्याचा दोष नाही. अंकच तसे काढलेले होते.

आता तू काय करायचं? समज, कोणी म्हणालं की १९६२ च्या नाताळात 'बीनो'च्या पहिल्या पानावर डेनिस द मेनेस हा त्यातला खोडकर पोरगा सांताक्लॉजच्या वेशात होता. 'बीनो' ३० जुलै १९३८ या तारखेने सुरू झाला तेव्हा पहिलं पान बिग एगो या शहामृगाचं होतं. जानेवारी १९४८ मध्ये ते बिफो या अस्वलाकडे गेलं आणि सप्टेंबर १९७४ पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. डेनिस पहिल्या पानावर आला तो त्यानंतर. तेव्हा सांगणाऱ्याला आठवणारं चित्र आतल्या किंवा मागच्या पानावरचं असेल, ॲन्युअलमधलं, म्हणजे वार्षिक पुस्तकातलं असेल, नाहीतर अंक बारा-पंधरा वर्षांनी नंतरचा असेल. चित्रात डेनिसचा कुत्रा नॅशर आहे का, हे विचार. नॅशर आला ऑगस्ट १९६८ मध्ये. डेनिसची धाकटी बहीण बी पाळण्यात दिसत असेल, तर आपण १९९८ च्याही पुढे आलो. किंमत बघ: १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनचं नाणं दशमान झालं, त्याआधीच्या अंकावर जुने पेनी, नंतर नवे. एवढ्यावरून बरंच पक्कं होतं.

तारखेचा आणखी एक घोळ लक्षात ठेव. मुखपृष्ठावर छापलेली तारीख आणि दुकानात अंक यायचा दिवस एक नसायचा, अंक आधीच विकायला यायचा. त्यामुळे अमुक वर्षाचा नाताळ अंक कोणता, यावर दोन जाणकारांचं न जुळणं स्वाभाविक आहे. एकजण पंचवीस तारखेच्या आधीचा छापील शनिवार धरतो, दुसरा नंतरचा. वाद घालू नकोस. अक्षरांवर बर्फ कोणत्या अंकापासून कोणत्या अंकापर्यंत आहे ते दोन-तीन आठवडे मागेपुढे जाऊन बघ आणि तसंच नोंदव.

ॲन्युअलचा हिशेब वेगळा. ती जाड पुठ्ठ्याची पुस्तकं शरद ऋतूत बाजारात यायची, नाताळची भेट म्हणून विकत घेतली जायची आणि पुढच्या वर्षाच्या नावाने ओळखली जायची. '१९७६ चं बीनो बुक' म्हणजे १९७५ च्या नाताळात उशाशी ठेवलेलं पुस्तक. जुन्या बीनो बुकांच्या मुखपृष्ठावर तर सालच नसायचं. अशा वेळी पहिलं कोरं पान उघड. माझ्यासमोर आत्ता एक आहे. त्यावर निळ्या शाईत तिरक्या अक्षरात 'आजीकडून, नाताळ' आणि वर्ष. 'हे पुस्तक कोणाचं' अशी छापील चौकट आहे, त्यात मुलाने पेन्सिलने नाव घातलंय, खोडलंय, पुन्हा घातलंय. आतल्या वेष्टणाचा किमतीचा कोपरा कात्रीने उडवलेला, कारण भेट देताना किंमत दाखवत नाहीत. कोडी सोडवलेली आणि दोन पानं रंगवलेली. विक्रेते अशा प्रतीची किंमत कमी करतात. तू मात्र तीच घे. पुस्तक कोणत्या घरात कोणत्या नाताळला गेलं याचा तो लेखी पुरावा आहे, आणि तो कोऱ्या करकरीत प्रतीत मिळत नाही. फक्त त्या मुलाचं नाव कुठे छापू नकोस.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लांबवतोय ती. ही चित्रं काढली कोणी?

थॉमसन कंपनीत चित्रकाराने सही करायची पद्धत नव्हती. डडली वॉटकिन्स यांना ती मुभा मिळाली, पण तो अपवाद. बाकीच्यांनी आयुष्यभर पोरांना हसवलं आणि पोरांना त्यांचं नाव कळलं नाही. पुढे ज्या वाचकांनी अंक जपले त्यांनीच रेषेवरून हात ओळखायला सुरुवात केली आणि नावं जोडली. चाहत्यांच्या गप्पांनी केलेलं सगळ्यात मोठं काम मी हेच मानतो. ते काम अजून पुरं झालेलं नाही, आणि त्यात तुझ्यासारख्या नव्या डोळ्यांचा उपयोग आहे.

नाताळ अंकापासूनच सुरू कर, कारण विषय दरवर्षी तोच असल्यामुळे हातातला फरक ठळक दिसतो. डेनिसची पानं घे. १९५१ पासून १९७० पर्यंत ती डेव्हिड लॉ यांनी काढली. त्यांची रेषा घाईची, खरबरीत, पोरगा काटकुळा, पळताना सगळी चौकट त्याच्याबरोबर तिरपी होते. १९७० पासून डेव्हिड सदरलँड आले. त्यांची रेषा स्वच्छ आणि गोलसर, गर्दी कितीही असली तरी प्रत्येक चेहरा वाचता येतो. दोघांच्या काळातली एकेक बर्फातली मारामारी शेजारी शेजारी ठेव. बर्फाचा गोळा फुटतो तिथे नजर लाव: तुकडे कसे उडालेत, किती आहेत, हवेतल्या गतीच्या रेघा सरळ आहेत की वळलेल्या. मग जेवणाचं टेबल बघ. पुडिंगची वाफ कोण किती वळणांनी काढतो तेही बघ. महिनाभर असं केलंस की नाव न बघता तू हात सांगशील. सदरलँड यांनी 'द बॅश स्ट्रीट किड्स'ची पानं १९६२ पासून २०२३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत काढली. साठ वर्षं एकाच वर्गातली तीच पोरं, आणि दर डिसेंबरात तोच बर्फ. या माणसाबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

ती पोरं मुळात लिओ बॅक्सेंडेल यांची. १९५४ मध्ये पान सुरू झालं तेव्हा नाव वेगळं होतं. याच बॅक्सेंडेल यांनी मिनी द मिंक्सही काढली, जिचा पुतळा तुझ्या गावात 'डँडी'तल्या डेस्परेट डॅनच्या पुतळ्याजवळ उभा आहे. पुढे आपल्या पात्रांवरच्या हक्कासाठी ते थॉमसन कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, आणि १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. नाताळच्या गोड गप्पांत हे काढू नये असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. ज्या टेबलाभोवती ही पात्रं बसलेली आपल्याला आवडतात, ते काढणाऱ्याला काय मिळालं हे विचारणं हाही प्रेमाचाच भाग आहे.

अजून एक, जे मला या सगळ्या विषयात सर्वात विलक्षण वाटतं. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेनंतर चर्चने नाताळला थारा दिला नाही. तिथला मोठा सण वर्षअखेरचा, हॉगमनेचा. २५ डिसेंबर ही तिथे सार्वजनिक सुट्टी झाली ती १९५८ मध्ये. म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या दशकांतले ते हॉली-पुडिंगचे अंक ज्या गावात तयार झाले, तिथले कितीतरी लोक नाताळच्या दिवशी डबा घेऊन कामावर जात होते. ब्रिटनभरच्या मुलांना नाताळ कसा दिसतो ते दाखवणारी चित्रं नाताळ फारसा न पाळणाऱ्या गावातून निघत होती, आणि तीही सण यायच्या कितीतरी आठवडे आधी, कारण छपाईचं वेळापत्रक तसंच असतं. अल्बर्ट स्क्वेअरवरून जाशील तेव्हा थॉमसन कंपनीची मेडोसाइडची इमारत वर मान करून बघ. तिथल्या चाहत्यांना हे नवं नाही, पण इंग्लंडमधून येणाऱ्यांना पुष्कळदा असतं.

युद्धाच्या वर्षांबद्दल थोडक्यात. कागदाच्या टंचाईमुळे १९४१ पासून १९४९ पर्यंत 'बीनो' आणि 'डँडी' आळीपाळीने पंधरवड्याने निघत. तेव्हा त्या काळात नाताळच्या आठवड्यात दोन्ही अंक एकदम नवे कोरे मिळाले अशी आठवण आली, तर ती नोंदव, पण पुढे प्रश्नचिन्ह ठेव. मुलांना जुने कागद युद्धकार्यासाठी द्यायला सांगितलं जायचं, आणि त्यात अंकही गेले. म्हणून ते आज दुर्मीळ.

आपल्याकडचं काही सांगू का, असंही विचारलं आहेस. सांग, पण नेमकं सांग. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक त्यांच्यासमोर होते. ती कल्पना मराठीने अशी उचलली की आज दिवाळी अंकाशिवाय दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही, आणि मुलांसाठीही 'किशोर'सारख्या मासिकांचे दिवाळी अंक निघतात. हे ऐकून तिथल्या म्हाताऱ्यांचे डोळे चमकतील, बघ. मात्र आपली दिवाळी सांगता सांगता त्यांचा नाताळ बाजूला पडू देऊ नकोस. त्यांच्या घरी गेली आहेस, तर त्यांच्या सणाबद्दल जास्त ऐक.

ऐकताना कसं वागायचं, तेही सांगतो. कोणी चुकीचं वर्ष सांगितलं तर भर मंडळीत 'चूक' म्हणू नकोस. आधी विचार की अंक कोणी आणून दिला होता, कुठे बसून वाचला, घरात आणखी कोण वाचायचं. हे कुठल्याही अंकात छापलेलं नाही, ते फक्त त्या माणसाकडे आहे, आणि तेही लिहून ठेवण्याजोगं आहे. मग अंक शोधून त्याच्यासमोर ठेव. मी पाहिलंय, अंक समोर आला की माणूस स्वतःच म्हणतो, 'अरे, हा नव्हे, याच्या पुढच्या वर्षीचा,' आणि मग खरी गोष्ट सुरू होते. वहीत दोन रकाने कर. एकात अंकात काय आहे ते, दुसऱ्यात लोकांना काय आठवतं ते. एकाने दुसरं खोडू नकोस.

पुनर्मुद्रणाकडेही डोळा ठेव. वॉटकिन्स गेल्यावर त्यांची 'डेस्परेट डॅन'ची जुनी पानं कंपनीने पुढे कित्येक वर्षं पुन्हा छापली. सत्तरच्या दशकातल्या मुलाला ती नवीच वाटली, आणि त्याच्यासाठी ती तेव्हाचीच आहेत. तुझ्या वहीत मात्र दोन्ही तारखा हव्यात.

सुट्टीत एडिंबरोला नॅशनल लायब्ररीत जाणारच आहेस, तर एक काम कर. १९६९ च्या डिसेंबरातले 'बीनो' मागव. वॉटकिन्स त्या वर्षी २० ऑगस्टला गेले, घरी, चित्र काढायच्या टेबलापाशीच. बिफोचं पहिलं पान तोवर त्यांच्याकडे होतं, नंतर ते सदरलँड यांच्याकडे गेलं. पानं बरीच आधी तयार व्हायची हे लक्षात घेऊन सप्टेंबरपासून एकेक अंक बघत ये, अस्वलाचे पंजे आणि कान नीट न्याहाळ, आणि हात कोणत्या आठवड्यात बदलला असं तुला वाटतं ते अंकाच्या तारखेसह मला कळव. नाताळच्या अंकावरचा बिफो कोणाचा, तेही. मी माझा अंदाज वेगळ्या कागदावर लिहून ठेवतोय.

थंडी सांभाळ.

तुझा,
काका